नाण्यांच्या चिठ्ठ्या: पुसट अक्षरं गिरवू का, आणि कुठल्या पेनाने?

मागची बाजू:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. नाण्यांमधलं मला फार कळत नाही हे आधीच सांगते, म्हणजे नंतर पितळ उघडं पडायला नको.

बाबांनी चाळीसेक वर्षं नाणी जमवली. गेल्या वर्षी ते गेले आणि संग्रह माझ्याकडे आला. दोनदा मोजली: एकदा ६४० भरली, एकदा ६३८. नाणी ठीक आहेत. त्यांच्याबरोबरच्या चिठ्ठ्या ठीक नाहीत. आणि माझ्यासारखीला नाण्यापेक्षा चिठ्ठीच मोलाची, कारण नुसतं नाणं बघून मला काही म्हणजे काही सांगता येत नाही. ते कुठलं, कधी आलं, कोणी दिलं, हे सगळं फक्त बाबांच्या अक्षरात आहे.

चिठ्ठ्यांचे सरळ तीन काळ पडतात. सगळ्यात जुन्या म्हणजे लाकडी कप्प्यांत नाण्याखाली ठेवलेल्या कागदाच्या गोल चकत्या. त्यांवर शिसपेन्सिल. कागद पिवळा पडलाय, अक्षर काल लिहिल्यासारखं. मग एक काळ जांभळ्या स्केचपेनचा. यातली बरीच नाणी काचेच्या झाकणाच्या पेटीत, खिडकीजवळ असायची. आता नाणं उचललं की खालची चकती दोन रंगांची निघते. नाण्याखाली झाकलेली अक्षरं जांभळी, बाहेर डोकावणारी फिकट गुलाबी, अगदी कडेची तर दिसतच नाहीत. एका चकतीवर "टांकसाळ" एवढंच उरलंय. कुठली, ते उन्हाने नेलं.

तिसरा काळ पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरांचा. दोन इंच बाय दोन इंच, मधे पारदर्शक खिडकी, कडांना स्टेपल. यांवर निळं बॉलपेन. वाचता येतं, पण काही अक्षरांभोवती तेलकट कडं उमटलंय. आणि शेवटच्या दोन-तीन वर्षांत बाबा मऊ प्लास्टिकच्या पाकिटांवर थेट जेल पेनने लिहायला लागले होते. हात थरथरायचा, चकत्या कापणं जमत नसावं.

आता माझा पराक्रम. त्या पाकिटांवर धूळ होती म्हणून मी ओलसर फडक्याने पुसायला घेतली. चार पुसून झाल्यावर फडक्याकडे लक्ष गेलं. ते काळं झालं होतं आणि पाकिटं कोरी. त्या संध्याकाळी मी दुसरं काही केलं नाही.

तर प्रश्न. जी अक्षरं पुसट झालीत पण अजून लागतात, ती पूर्ण जायच्या आत नव्या पेनाने बाबांच्याच अक्षरावरून गिरवून काढू का? हात बसेल माझा, लहानपणी त्यांच्या सहीची नक्कल मी छान करायचे (प्रगतिपुस्तकावर, एकदाच). गिरवायचं तर कुठल्या पेनाने? आणि नव्या चिठ्ठ्या करायच्या तर कागद कुठला?

जाता जाता अजून एक. बहुतेक चिठ्ठ्यांच्या मागे, कोपऱ्यात, बारीक दोन-तीन अक्षरं आहेत. "मर", "सन", "गतर", असं काहीतरी. पुढे कुठलंही पेन असो, मागे कायम पेन्सिलच. अर्थ कोणाला लागतोय का? मला तर नाही लागला.


दातेरी कड:

ताई, गिरवू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

गिरवताना माणूस दिसतं ते लिहीत नाही, वाटतं ते लिहितो. पुसट 'म' चा तुम्ही 'भ' कराल आणि तो 'भ' पुढची शंभर वर्षं ठामपणे उभा राहील. आज निदान शंका तरी घेता येते. शिवाय अक्षर हा पुरावा असतो. मी या नादाला लागलो त्या वर्षी एक डबा विकत घेतला होता. त्यातल्या कळकट, तपकिरी चिठ्ठ्या फेकून दिल्या आणि पांढऱ्याशुभ्र कागदावर सुवाच्य अक्षरात नव्या केल्या. मोठा अभिमान वाटला. दहा-बारा वर्षांनी एका जुन्या लिलावाच्या कॅटलॉगात चिठ्ठीचा फोटो पाहिला. तेच उभट अक्षर, तीच खाली ओढलेली रेघ. माझी नाणी कोणाच्या हातून आली होती हे मला त्या दिवशी कळलं आणि ते सिद्ध करायचा एकमेव कागद मीच कचऱ्यात टाकला होता. तेव्हा जुनी चिठ्ठी कितीही फाटकी असो, ती नाण्याबरोबर राहते. नवी चिठ्ठी वेगळी करायची, जुनीवर जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं, चुकांसकट, आणि लागत नसेल तिथे टिंबं द्यायची.

पेनाचं म्हणाल तर तुमच्या वडिलांनी उत्तर आधीच देऊन ठेवलंय. पेन्सिल. ग्रॅफाइट उन्हाने उडत नाही, पाण्याने पसरत नाही, वाळायची वाट बघावी लागत नाही. एचबी घ्या. २बी नाण्याखाली घासून काळं होतं, २एच कागदावर ओरखडे काढतं. कप्प्यातल्या गोल चकतीवर लिहिलेली बाजू खाली ठेवा, म्हणजे नाणं अक्षरावर घासणार नाही.

लिहायचं ते नाणं लांब ठेवून, कडक पाटावर, सुट्या कागदावर. नाणं आत असताना पाकिटावर कधीही लिहू नका. मी लिहिलंय. कागदी पाकीट, आत आरशासारखं चकचकीत प्रूफ (खास संग्राहकांसाठी पाडलेलं) नाणं, वर बॉलपेन, घाईघाईत. आज त्या नाण्यावरच्या राणीच्या गालावर तिरका उजेड पाडला की एक अतिशय बारीक रेघ दिसते. ती माझ्या 'र' ची वेलांटी आहे.

आणि हे सगळं करायच्या आधी ती मऊ पाकिटं रिकामी करा. चिठ्ठ्या थांबतील, ते थांबणार नाही. मऊ, लवचिक आणि नव्या रेनकोटासारखा वास येणारं प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. त्यात मऊपणासाठी घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं, आणि पीव्हीसी स्वतः जुनं होताना त्यातून आम्ल सुटतं. तांब्याच्या आणि चांदीच्या नाण्यांवर हिरवा चिकट थर दिसला तर समजा सुरुवात झाली. तो शुद्ध ॲसिटोनने जातो. नेलपॉलिश काढायचं द्रव वापरू नका, त्यात रंग, वास, तेल काय काय असतं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको, नाणं चोळू नका, नुसतं बुडवून काढा.

होल्डरचे स्टेपल उचकटताना घाई नको. नाण्यांवरचे कितीतरी ओरखडे साठवताना पडत नाहीत, होल्डर उघडताना त्याच स्टेपलच्या टोकाने पडतात.

कोपऱ्यातल्या अक्षरांबद्दल मला एक संशय आहे. नंतर लिहितो, चष्मा बदलायचाय.


शाईडाग:

काकांच्या "गिरवू नका" ला +१. माझं काम जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं आहे, नाण्यांचं नाही, त्यामुळे शाई आणि कागदापुरतंच बोलते.

शाई कुठलीही असो, तिच्यातला रंग दोनपैकी एका प्रकारचा असतो. एक, द्रवात पूर्ण विरघळलेला. साखर पाण्यात विरघळते तसा. स्केचपेन, बहुतेक शाईपेनच्या शाया, बहुतेक बॉलपेनं यात आली. हा रंग दिसतो सुंदर, पण त्याचे रेणू सुटे असतात आणि प्रकाश त्यांना एकेक करून मोडतो. तुमच्या दुरंगी चकत्या म्हणजे याचं शाळेत दाखवावं इतकं नेटकं प्रात्यक्षिक आहे. दुसरा प्रकार रंगकणांचा. हे विरघळत नाहीत, बारीक कण म्हणून तरंगतात आणि शाई वाळली की कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. यातला काळा रंग म्हणजे बहुधा कार्बन, साध्या भाषेत काजळी. काजळीला ऊन काही करू शकत नाही. पेन्सिलही शेवटी कार्बनच, म्हणून काका म्हणतात ते खरं.

तरी मी पेन्सिलीवर थांबणार नाही. पेन्सिल खोडता येते, आणि जे खोडता येतं ते कोणीतरी खोडतं. कायमच्या माहितीसाठी रंगकणांच्या शाईचं बारीक टोकाचं पेन घ्या. साकुराचं पिग्मा मायक्रॉन किंवा स्टेड्लरचं पिग्मेंट लायनर, चित्रकलेच्या सामानात मिळतात. मायक्रॉनचं ०१ नंबरचं टोक ०.२५ मिमीची रेघ देतं, ०३ नंबरचं ०.३५. दोन इंची होल्डरच्या चिठ्ठीला ०१ पुरे. फक्त काळा रंग घ्या. रंगीत पेनंही याच जातीची असतात, पण प्रत्येक रंग काजळीइतका चिवट नसतो. दाबून लिहायची सवय असेल तर टोक आत बसतं, मग पेन फुकट.

जेल पेन ही जात नव्हे, नुसता पोत आहे. काही जेल पेनांत रंगकण असतात, काहींत विरघळलेला रंग, आणि वरून बघून सांगता येत नाही. शिवाय गुळगुळीत प्लास्टिकवर कण अडकायला तंतूच नसतात. म्हणजे बाबांचं पेन चांगलं असतं तरी तुमच्या फडक्याने तेच केलं असतं. मनाला लावून घेऊ नका.

परमनंट मार्करमधलं 'परमनंट' म्हणजे पाण्याने न जाणारं, एवढंच. उन्हाने तो बिनधास्त उडतो. त्यातल्या द्रावकाचा वास बंद पेटीत नाण्याशेजारी कोंडायला मी तरी धजणार नाही. निळी-काळी पारंपरिक लोहयुक्त शाई दिसायला भारदस्त, टिकतेही, पण ती मुळात आम्लधर्मी. तिने अक्षराच्या आकारात भोकं पाडलेले कागद मी रोज हाताळते.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. घरात असतील ती सगळी पेनं घ्या, एकाच कागदाच्या तीन पट्ट्यांवर प्रत्येकाने त्याचं त्याचं नाव लिहा आणि एक दिवस वाळू द्या. एक पट्टी अर्धी पाण्यात बुडवा. दुसरीवर स्पिरिटचा बोळा फिरवा. तिसरी उन्हाच्या खिडकीच्या काचेला चिकटवा, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून, आणि दोन महिने विसरून जा.

कागद. "ॲसिड-फ्री" हा शब्द वाचून समाधान मानू नका. टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ हे मानक आहे. त्यात आम्ल नसावं, आणि वर दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्क (म्हणजे आम्ल मारणारी) शिल्लक कागदातच असावी, अशा अटी आहेत, म्हणजे पुढे हवेतून आम्ल आलं तरी ती शिल्लक आधी खर्ची पडते. पण चांदीचा खरा वैरी आम्ल नाही, गंधक आहे. चांदी काळी पडते ती गंधकाने. तपकिरी पाकिटं, वर्तमानपत्र, साधा पुठ्ठा, रंगीत कागद आणि (हे लोक हमखास विसरतात) रबरबँड, यांतून गंधक येऊ शकतो. नाण्यांच्या गठ्ठ्याला रबरबँड लावणं म्हणजे त्यावर काळा पट्टा ओढून घेणं.

अवांतर: संग्रहालयात वस्तूंशेजारी कुठलं सामान ठेवावं याची एक परीक्षा आहे, अँड्र्यू ऑडी यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये १९७३ मध्ये सुरू केलेली. ज्या सामानाबद्दल शंका असेल त्याचा तुकडा चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पत्र्यांबरोबर बंद काचपात्रात, थोडं पाणी घालून, ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात आणि मग पत्रे बघतात. घरी इतकं जमत नाही. पण घट्ट झाकणाच्या दोन बरण्या घ्यायच्या, दोन्हीत घासून चकचकीत केलेली तांब्याची तार आणि चांदीचा तुकडा, थेंबभर पाणी, आणि एकीतच तो कागद. महिनाभर उबेला ठेवा. कागदाच्या बरणीतली चांदी दुसरीपेक्षा काळी दिसली तर तो कागद किराणा यादीला वापरा.


एक्सेलवाला:

इतका खटाटोप कशाला पण? एका तक्त्यात सगळं भरा, प्रिंटर लावा, ६४० चिठ्ठ्या अर्ध्या तासात. अक्षर वाचायची कटकट नाही, बॅकअपही आपोआप. हाताने लिहिण्याचं हे प्रेम मला खरंच समजत नाही.


शाईडाग:

तक्ता हवाच, त्यात वाद नाही. पण प्रिंटर कुठला? इंकजेटच्या बऱ्याच शाया विरघळणाऱ्या जातीच्या, पाण्याचा एक थेंब आणि खेळ खलास. बिलं छापतात त्या उष्णतेच्या कागदावर चुकूनही नको, पाकिटातली जुनी बिलं काढून बघा. लेझरचं चालेल, त्यातही काळा म्हणजे कार्बनच असतो. मात्र तो प्लास्टिकने कागदाला चिकटवलेला असतो आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात राहिला तर अक्षर कागद सोडून पाकिटाला चिकटतं. फायली साठवणाऱ्या सगळ्यांनी हे पाहिलंय.


मागची बाजू:

सगळ्यांचे खूप आभार. आज जाऊन सगळी मऊ पाकिटं आधी हुंगली. घरचे बघत होते. रेनकोटचा वास एकोणीस पाकिटांना आला, दोन नाण्यांवर कडेला हिरवट चिकट आहे. काढायला घेतेय. तूर्त ती सगळी कडक, बिनवासाच्या पॉलिएस्टरच्या पाकिटांत हलवलीत. या पाकिटांना दोन कप्पे आहेत, एकात नाणं, दुसऱ्यात चिठ्ठी घालून घडी करायची. म्हणजे प्लास्टिकवर लिहायचा प्रश्नच मिटला आणि कागद नाण्याला लागतही नाही.

एक्सेलवाला, तक्ता सुरू केला. पण चिठ्ठ्या हातानेच करेन. कारण विचाराल तर नीटसं सांगता येणार नाही.

नव्या चिठ्ठीवर नक्की काय काय लिहायचं? बाबांच्या काहींवर नुसतं "चांदी, छान" एवढंच आहे.

आणि गोंधळ असा की बाबा आधी मराठी आकडे लिहायचे, मधेच कधीतरी इंग्रजीवर गेले. एका चिठ्ठीवर वजन आहे ते मराठीतलं ४.२३ की इंग्रजीतलं आठ पूर्णांक तेवीस, देव जाणे. दोन आणि तीन दोन्हीकडे सारखेच दिसतात, फसतो तो पहिलाच.


दातेरी कड:

काटा आणा. सोनारी, शतांश ग्रॅम दाखवणारा. ४.२३ आणि ८.२३ मधला वाद तो एका क्षणात मिटवेल. मराठी चार आणि इंग्रजी आठ, मराठी एक आणि इंग्रजी नऊ, या जोड्यांनी मलाही छळलंय. उपाय साधा: अख्ख्या संग्रहात आकडे एकाच लिपीत, आणि ती लिपी कुठली हे पेटीच्या झाकणाच्या आत एकदा लिहून ठेवायचं. आपल्याला आठवतं म्हणून लिहायचं नाही, हे चुकीचं. चिठ्ठी आपल्यासाठी नसतेच.

काय लिहायचं. सगळ्यात आधी क्रमांक, तक्त्यातला तोच. चिठ्ठी आणि नाणं वेगळं झालं तर तोच धागा. मग कुठलं नाणं, किती मूल्याचं, टांकसाळ, धातू. वजन दोन दशांशांपर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये. कधी आणि कोणाकडून मिळालं. "छान" लिहू नका. तुमच्या वडिलांना माफ आहे, तुम्हाला नाही.

सालाबद्दल जरा सांभाळा. नाण्यावर जे कोरलंय ते आधी, जसंच्या तसं, आणि तुमचं गणित नंतर. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, त्यामुळे ते बहुतेक वेळा इसवी सनाच्या दोन वर्षांवर पसरतं. नुसतं एक इसवी साल लिहिलंत की अर्धी शक्यता खोडलीत. आणि ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीचा थेलर असेल तर जपून. मोठं चांदीचं नाणं, २८ ग्रॅमच्या आसपास, साल १७८०. ती राणी १७८० मध्ये वारली, पण तिच्या नावाचे थेलर पुढे दीडशे-दोनशे वर्षं वेगवेगळ्या देशांच्या टांकसाळींत पाडले गेले, सगळ्यांवर साल तेच. चिठ्ठीवर "१७८० चं नाणं" लिहिणं म्हणजे शुद्ध थाप. "१७८० साल कोरलेलं, नंतरची पाडणी" असं लिहा.

अजून एक बारकावा, जो बहुतेक लोक गाळतात आणि मला सगळ्यात आवडतो. नाण्याची दर्शनी बाजू सरळ धरा, मग उभ्या अक्षावर, पुस्तकाचं पान उलटल्यासारखं फिरवा. मागची बाजू सरळ आली तर घड्याळातले १२, उलटी आली तर ६. मधे कुठे तिरकी आली तर जो तास दिसेल तो. पूर्वी नाणं पाडायचे ठसे हातानेच बसवत, त्यामुळे जुन्या नाण्यांत ३, ७, ११ काहीही येतं. तुमचं टोपणनावच मागची बाजू आहे, तुम्हाला हे लिहायलाच हवं.

आता ती कोपऱ्यातली अक्षरं. माझा संशय असा की ती खरेदीची किंमत आहे. जुने संग्राहक आणि व्यापारी किंमत उघड लिहीत नसत. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द किंवा वाक्य ठरवायचे, पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं दोन, दहावं शून्य. पाहुण्याने किंवा घरच्यांनी (विशेषतः घरच्यांनी) चिठ्ठी वाचली तरी पत्ता लागत नसे. पडताळून पाहणं सोपं आहे. सगळ्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं मोजा. दहाच्या वर वेगळी अक्षरं निघाली तर माझं म्हणणं चूक.

गिरवून टाकल्या असत्यात तर हे मोजताही आलं नसतं, एवढं बोलून गप्प बसतो.


मागची बाजू:

जवळजवळ नऊ आठवड्यांनी परत आलेय. आधी खिडकीचा निकाल.

अकरा पेनं होती. पाण्यात चार गेली: दोन्ही स्केचपेनं, शाईपेन आणि एक जेल पेन. दुसरं जेल पेन पाण्यात टिकलं, म्हणजे शाईडाग ताई म्हणाल्या तसंच, वरून कळत नाही. स्पिरिटने दोन्ही बॉलपेनं आणि काळा मार्कर पसरला. उन्हात मार्कर तपकिरी झाला, इतका की माझाच विश्वास बसेना. उघड्या आणि झाकलेल्या भागात काहीही फरक न पडलेले फक्त तीन: पेन्सिल, बारीक काळं पिग्मेंट पेन, आणि घरात कोणाच्या तरी जुन्या कंपासपेटीत सापडलेली ड्रॉइंगची काळी शाई. शाई मी बोरूने लिहून पाहिली. अक्षर फार देखणं आलं आणि दोन चिठ्ठ्यांवर डाग पडले, म्हणून रद्द.

शेवटी असं ठरवलं की क्रमांक, नाणं, टांकसाळ, वजन, व्यास, तास हे सगळं पेनाने. साल आणि ओळख जिथे माझ्या अंदाजावर आहे तिथे पेन्सिलीने, म्हणजे जाणकार आला की खोडून दुरुस्त करू शकेल. आतापर्यंत २१२ झाल्या. लिहून झालेल्या चिठ्ठ्या रात्रभर टेबलावर उघड्या वाळतात, मगच पाकिटात. एकदा घाई केली तर त्या चिठ्ठीतलं "कोणाकडून" पाकिटाच्या आतल्या बाजूवर उलटं छापलं गेलं.

बाबांच्या चिठ्ठ्यांपैकी एकही फेकलेली नाही. नव्या चिठ्ठीच्या मागे एका छोट्या पॉलिएस्टरच्या खिशात जुनी. गुलाबी पडलेल्या अक्षरांसाठी शाईडाग ताईंनी व्यनित (खासगी निरोपात) एक युक्ती सांगितली, ती इथे सगळ्यांसाठी देते. चकतीचा फोटो काढायचा आणि संगणकावर त्याचा फक्त हिरवा चॅनल (फोटोतला हिरव्या रंगाचा तेवढा भाग) कृष्णधवल करून बघायचा. गुलाबी-जांभळा रंग हिरवा प्रकाश शोषतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारं अक्षर तिथे काळसर दिसतं. "टांकसाळ" च्या आधी काहीतरी उमटलं. शेवटची दोन अक्षरं लागली, पहिलं नाही. चिठ्ठीवर मी टिंब दिलंय, काका.

बॉलपेनच्या होल्डरांना टॉर्च अगदी आडवा धरून बघितला तर दाबाचे चर दिसतात. एका होल्डरवर बाबांनी काहीतरी लिहून वर खाडाखोड केली होती. खालचं वाचता आलं: "बदल्यात, दोन तांब्याची देऊन. महाग पडलं."

त्या चार पुसलेल्या पाकिटांचं मात्र काही झालं नाही. प्लास्टिकवर ना चर ना रंग. नाणी ओळखू येतील म्हणे, पण कोणाकडून आली ते गेलं ते गेलंच. त्यांच्या चिठ्ठ्यांवर मी खरं ते लिहिलंय, "मूळ नोंद माझ्याकडून पुसली गेली", आणि तारीख.

४.२३ वालं नाणं काट्यावर ४.१९ भरलं. म्हणजे मराठी चार. चार शतांश कुठे गेले माहीत नाही, काटा बाबांचा वेगळा असेल.

आणि कोपरे. सगळ्या चिठ्ठ्या उलट्या करून तीन रविवार मोजत बसले. पाचशेच्या वर चिठ्ठ्यांवर अक्षरं आहेत आणि त्या सगळ्यांत मिळून वेगळी अक्षरं बरोबर दहा. शब्द कुठला ते अजून लागलेलं नाही. पण एक अक्षर पकडलंय. 'र' शेवटी येतो, मधे येतो, सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि एकाही चिठ्ठीवर पहिला येत नाही. म्हणजे 'र' शून्य. उरली नऊ.


दातेरी कड:

'मर', 'गतर'. बरोबर. आता सगळ्यात जुन्या चिठ्ठ्यांपासून सुरुवात करा, किमती लहान असतात. आणि कुठल्याही एका नाण्याची पावती सापडते का बघा. एक सापडली तरी दोन अक्षरं सुटतील.